शिरस्त्राणाच्या आत



फुटबॉल म्हटले की गोल चेंडू आणि तो पायाने मारणारे खेळाडू तुमच्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेत मात्र याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. तेथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो पायाजवळ नव्हे, हातात असतो. मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांबीचे. प्रत्येक बाजूला अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, आणि प्रतिपक्षाने चेंडूवाल्याला अंगाने धडकून, धरून, जमिनीवर पाडून अडवायचे. या पाडण्याला टॅकल म्हणतात. कबड्डीतील पकड तुम्ही पाहिली आहे. तीच पकड शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या, पूर्ण वेगाने धावत येणाऱ्या माणसांमध्ये होत आहे अशी कल्पना करा.

हा अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय खेळ आहे. त्याच्या व्यावसायिक संघांची संघटना म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. गेली वीसहून अधिक वर्षे ही लीग एका वादात सापडली आहे. वाद पंचांच्या निर्णयाचा नाही, पैशाचाही केवळ नाही. तो आहे खेळाडूंच्या मेंदूचा. त्या वादात शिरण्यापूर्वी आपण थोडे पदार्थविज्ञान पाहू, कारण सारे भांडण शेवटी त्यातूनच उभे राहिले आहे.

एका खोलगट वाटीत पाणी घ्या. पाणी स्थिर झाले की त्यावर चिमूटभर हळद भुरभुरवा. आता वाटी दोन्ही हातांनी धरून तिला जागच्या जागी एक झटकन पीळ द्या. काय दिसते? वाटी फिरली, पण हळद जवळजवळ होती तेथेच राहिली. वाटीच्या काठाशी असलेले पाणी थोडे ओढले गेले, मधले हललेही नाही. हे जडत्व. वाटीच्या जागी कवटी समजा आणि पाण्याच्या जागी मेंदू.

आपला मेंदू सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. तो कवटीला चिकटलेला नसतो. त्याच्याभोवती आवरणे असतात आणि पातळ द्रवाचा एक थर असतो. स्पर्शाला तो अतिशय मऊ, खरवसासारखा. डोक्याला जोराचा धक्का बसला की कवटी आधी हलते आणि मेंदू तिच्या मागून, उशिरा. कवटी थांबते तेव्हाही मेंदू पुढे जाऊ पाहतो. हे तर सरळ धक्क्याचे झाले. डोके जर मानेवर गर्रकन फिरले तर गोष्ट अधिक बिकट होते. ऑक्सफर्डमधील होलबोर्न या पदार्थवैज्ञानिकाने १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून ही गोष्ट मांडली. मेंदूत पाण्याचा अंश फार, म्हणून तो सहजासहजी दाबला जात नाही. पण त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. वह्यांची चळत वरून दाबा, काही होत नाही. तीच बाजूने ढकला, साऱ्या वह्या घसरतात. डोके फिरले की मेंदूच्या थरांवर असाच ताण येतो, आणि त्या थरांमधून जाणारे केसाहूनही बारीक चेतातंतू ताणले जातात, पिळवटले जातात.

यातून माणसाला काही काळ भोवळ येते, गोंधळ उडतो, अंधारी येते, कधी शुद्ध हरपते. अशा इजेला इंग्रजी नावाने कंकशन म्हणतात. यात कवटीला चीर पडत नाही, रक्त येत नाही. नेहमीच्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. म्हणूनच ‘जरा घंटा वाजली’ असे म्हणत खेळाडू पुन्हा मैदानात उतरत असत.

धक्का केवढा असतो? लीगच्याच समितीने सामन्यांची चित्रफीत पाहून प्रयोगशाळेत बाहुल्यांच्या साहाय्याने त्या धडका पुन्हा घडवल्या आणि २००३ साली आकडे प्रसिद्ध केले. कंकशन झालेल्या खेळाडूंच्या डोक्याचा वेग सरासरी सेकंदाला ७.२ मीटरने बदलला होता आणि त्याला लागलेला वेळ होता सुमारे १५ मिलिसेकंद. वही काढा. ७.२ ला ०.०१५ ने भागले की ४८० येतात. म्हणजे त्वरण सेकंदाला सेकंदाला ४८० मीटर, गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ४९ पट. पण ही झाली सरासरी. धक्का शून्यापासून चढत जातो, शिखर गाठतो आणि उतरतो. त्याचा आलेख त्रिकोणी मानला तर शिखराची उंची सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ९८ पट. समितीने मोजलेले शिखर सरासरीने ९८ पटच होते! नववीच्या गणिताने एवढे काढता येते हे मला फार आवडते. एस.टी.चा चालक जोरात ब्रेक लावतो तेव्हा आपण पुढच्या बाकावर आदळतो. त्या वेळचे त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या एक पटही नसते.

मग शिरस्त्राण कशासाठी?

शिरस्त्राण काय करते ते नीट समजून घ्या. त्याचे कठीण कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते, आणि आतील मऊ गादी थांबण्याचा वेळ थोडा वाढवते. वेळ वाढला की त्वरण कमी, त्वरण कमी की बल कमी. त्यामुळे कवटी फुटत नाही. पण गादी किती जाड करणार? दोन-चार सेंटिमीटर. आणि डोक्याचे गर्रकन फिरणे ती फारसे थांबवू शकत नाही, कारण शिरस्त्राण डोक्यासह फिरते. थोडक्यात, शिरस्त्राण हे कवटीचे रक्षक आहे. आत खरवस हिंदकळायचा तो हिंदकळतोच.

या खेळाचा इतिहास पाहिला तर हे अगदी स्पष्ट दिसते. आरंभी खेळाडू उघड्या डोक्याने, एकमेकांना बिलगून, घोळक्याने घुसत. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी अठरा-एकोणीस मृत्यू मोजले. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले आणि खेळ सुधारा असे बजावले. पुढच्याच वर्षी चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी मिळाली, त्यामुळे खेळ मैदानभर पसरला आणि घोळके कमी झाले. मग चामड्याच्या टोप्या आल्या, १९३९ मध्ये प्लॅस्टिकची शिरस्त्राणे आली, आणि १९४३ पासून लीगने शिरस्त्राण सक्तीचे केले.

पुढे जे घडले ते मोठे विचित्र आहे. डोके सुरक्षित आहे असे वाटू लागताच खेळाडू डोक्याचाच भाल्यासारखा उपयोग करू लागले. मान ताठ करून शिरस्त्राणाचा माथा समोरच्यावर हाणायचा. १९६८ या एका वर्षात शालेय, महाविद्यालयीन व इतर सर्व स्तर मिळून ३६ खेळाडू मैदानावरील इजांनी दगावले. त्यानंतर दोन उपाय झाले. शिरस्त्राणांसाठी १९७३ मध्ये चाचणीचे मानक ठरले, आणि १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळात डोक्याने पहिली धडक देण्यास बंदी आली. मृत्यू झपाट्याने घटले. १९९० साली असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. शिरस्त्राण तेच, पण ते वापरण्याचा नियम बदलला, हा यातील लक्षात घेण्याजोगा भाग.

मृत्यू घटले, तेव्हा प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. प्रश्न आत चालला होता.

माइक वेब्स्टर

पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाचा माइक वेब्स्टर हा ‘सेंटर’ होता. सेंटर म्हणजे रांगेच्या मध्यभागी ओणवा राहून चेंडू मागे देणारा आणि देता क्षणीच समोरच्या धिप्पाड माणसाला डोक्याने-खांद्याने भिडणारा गडी. ही भिडंत प्रत्येक चालीत होते. १९७४ ते १९९० असे सतरा हंगाम तो खेळला आणि संघाच्या चार अजिंक्यपदांत त्याचा वाटा होता. निवृत्तीनंतर मात्र हा माणूस ओळखू येईना. विसर पडू लागला, झोप उडाली, पैसा आणि कुटुंब दोन्ही सुटले, काही काळ तो आपल्या मालवाहू गाडीतच राहिला. २००२ च्या सप्टेंबरमध्ये वयाच्या पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

शवविच्छेदन बेनेट ओमालू या तरुण डॉक्टरकडे आले. ओमालू मूळचे नायजेरियाचे. वेब्स्टरची कीर्ती त्यांना फारशी ठाऊक नव्हती, आणि कदाचित तेच बरे झाले. मेंदू बाहेरून अगदी नीटनेटका दिसत होता. तरीही ओमालूंनी तो जपून ठेवला, त्याचे पातळ छेद घेतले, विशेष रंग दिले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तेथे टाऊ नावाच्या प्रथिनाचे गुंते दिसले.

टाऊ हे काही विष नव्हे. तुमच्याआमच्या प्रत्येकाच्या मेंदूत ते असते. चेतापेशींच्या लांब तंतूंमध्ये सूक्ष्म नलिकांचा सांगाडा असतो, आणि इमारतीच्या परांचीचे बांबू जसे काथ्याने बांधलेले असतात तसे टाऊ या नलिकांना स्थिर ठेवते. तंतू वारंवार ताणले गेले की हा काथ्या सुटतो, त्याचे गोळे होतात, आणि पेशी हळूहळू निकामी होते. वारंवारच्या आघातांनी होणाऱ्या या विकारात गुंते एका ठराविक जागी दिसतात: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती. धक्क्याचा ताण साचतो तोही तेथेच. या विकाराचे नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, संक्षेपाने सी.टी.ई.

विकार सर्वस्वी नवा नव्हता. मुष्टियोद्धे उतारवयात झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात, हे हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरने १९२८ सालीच लिहून ठेवले होते. नवी गोष्ट एवढीच की तो विकार आता शिरस्त्राण घातलेल्या फुटबॉलपटूत सापडला होता.

समितीचे म्हणणे

ओमालूंचा लेख २००५ मध्ये ‘न्यूरोसर्जरी’ या नियतकालिकात आला. लीगच्या समितीतील तीन सदस्यांनी संपादकांना पत्र लिहून तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही.

ही समिती १९९४ मध्ये स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष एलियट पेलमन हे सांध्यांच्या विकारांचे तज्ज्ञ आणि एका संघाचे डॉक्टर होते. तुम्ही म्हणाल, मेंदूच्या समितीवर सांध्यांचा तज्ज्ञ अध्यक्ष? हा प्रश्न अमेरिकेतही अनेकांनी विचारला. समितीने निबंधांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यांतील निष्कर्ष असे होते की व्यावसायिक खेळाडूंत वारंवारच्या कंकशनमुळे कायमची हानी होते असे दिसत नाही, आणि त्याच सामन्यात पुन्हा खेळल्याने मोठा धोका नाही. आधार होता १९९६ ते २००१ या काळातील सर्व कंकशनांच्या नोंदींचा. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणले की निदान झालेली शंभराहून अधिक कंकशने त्या नोंदींत नव्हतीच. लीगचे म्हणणे पडले की संघांवर माहिती देण्याची सक्ती नव्हती, आणि दिशाभूल करण्याचा हेतूही नव्हता. हेतू काहीही असो. ज्या कोष्टकातून आकडे गळले आहेत त्या कोष्टकावरचा निष्कर्ष टिकत नाही, हे प्रयोगवही लिहिणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला कळते. आणखी एक गोष्ट अशी की लीगशी संलग्न निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्येच वेब्स्टरचे अपंगत्व फुटबॉलमधील डोक्याच्या इजांमुळे आले असे मान्य केले होते.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. लिंडा सांचेझ या सदस्येने लीगची तुलना तंबाखू कंपन्यांशी केली. त्याच डिसेंबरात लीगच्या प्रवक्त्याने कंकशनमुळे दीर्घकालीन परिणाम होऊ शकतात असे प्रथमच मान्य केले, आणि मार्च २०१६ मध्ये एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सी.टी.ई.शी संबंध असल्याचे काँग्रेसच्या समितीपुढे कबूल केले.

आता दुसऱ्या बाजूकडेही तितक्याच कडक नजरेने पाहू. बोस्टन विद्यापीठात अ‍ॅन मॅकी यांच्या देखरेखीखाली दान केलेल्या मेंदूंची एक पेढी आहे. २०१७ साली तेथील अभ्यासात लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांपैकी ११० जणांच्या मेंदूत सी.टी.ई. आढळला. वृत्तपत्रांनी लगेच मोठे मथळे दिले. पण थांबा. दवाखान्याच्या रांगेत उभे राहून गावात ताप किती पसरला आहे ते मोजले तर काय होईल? मेंदूचे दान बहुतेक अशाच कुटुंबांनी केले होते ज्यांना आपल्या माणसात काही बिघाड दिसला होता. तेव्हा ‘शंभरांत नव्व्याण्णव खेळाडूंना हा रोग होतो’ असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक आहे. संशोधकांनी स्वतःच तसे लेखात लिहिले होते. खरे प्रमाण आजही कोणी सांगू शकत नाही. मात्र सर्वसामान्य लोकांचे १६४ मेंदू तपासले तेव्हा सी.टी.ई. फक्त एकात मिळाला, आणि तो माणूसही महाविद्यालयात फुटबॉल खेळलेला होता. हा फरक निव्वळ निवडीच्या दोषाने पडतो असे मानणे अवघड आहे.

त्याहून महत्त्वाचा मला वाटतो तो दुसरा पुरावा. खेळाची वर्षे वाढली की धोका वाढतो का? त्याच पेढीच्या अभ्यासात दर अधिक वर्षामागे सी.टी.ई. असण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि २०२३ मध्ये ६३१ खेळाडूंच्या मेंदूंवरून असे दिसले की किती कंकशने झाली यावरून फारसे काही कळत नाही. आयुष्यभरात डोक्याने एकूण किती आघात, किती जोराने सोसले, यावरून कळते. म्हणजे ज्या धडकेनंतर खेळाडूला काहीच झाले नाही, भोवळही आली नाही, तीही हिशेबात जमा होते. वेब्स्टरसारख्या रांगेतल्या गड्याचे नेमके हेच होते. त्याच्या धडका नेत्रदीपक नसत. त्या फक्त रोजच्या असत.

शाळेच्या मैदानावर

तुमच्या वयाच्या मुलांविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेट हा तेरा वर्षांचा मुलगा २००६ मध्ये शाळेच्या सामन्यात टॅकल करताना डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसून तो पुन्हा खेळायला उतरला. सामना संपताच तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव होऊन सूज आली होती आणि दाब उतरवण्यासाठी शस्त्रवैद्यांना कवटीचा भाग दोन्ही बाजूंनी काढावा लागला. तो वाचला, पण बोलायला आणि हालचाल करायला त्याला नव्याने शिकावे लागले. पहिल्या इजेतून मेंदू सावरण्यापूर्वी दुसरा धक्का बसला तर परिणाम बेरजेचा राहत नाही, तो कितीतरी पटींनी वाढतो. मे २००९ मध्ये त्या राज्याने त्याच्या नावाचा कायदा केला: कंकशनची नुसती शंका आली तरी मुलाला खेळातून बाहेर काढायचे, आणि वैद्यकीय जाणकाराची लेखी परवानगी मिळेपर्यंत परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत अशा धर्तीचे कायदे झाले. शिक्षक वाचकांनी या कायद्यातला ‘शंका’ हा शब्द अवश्य पाहावा. निदान करण्याची जबाबदारी मैदानावरच्या मास्तरांवर टाकलेलीच नाही.

व्यावसायिक खेळात मात्र मोह मोठा असतो. मैदानाबाहेर स्वतंत्र मेंदूतज्ज्ञ असतात, चित्रफितीवर नजर ठेवणारे निरीक्षक असतात. तरीही २५ सप्टेंबर २०२२ रोजी मायामीच्या टुआ टागोव्हाइलोआ या खेळाडूचे डोके जमिनीवर आपटले, उठताना त्याचा तोल गेला, लाखो लोकांनी ते पाहिले, आणि पाठीचे दुखणे असल्याचे सांगून तो त्याच सामन्यात परत आला. चारच दिवसांनी सिनसिनाटीतील सामन्यात त्याला पुन्हा मार बसला. हाताची बोटे विचित्र ताठरलेल्या अवस्थेत त्याला उचलून न्यावे लागले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नियम झाला की तोल किंवा बोलणे बिघडलेले दिसले, तर कारण काहीही असो, खेळाडू त्या दिवशी परत यायचा नाही.

न्यायालयातही बरेच काही घडले. साडेचार हजारांहून अधिक निवृत्त खेळाडूंनी लीगवर दावे लावले. २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड जाहीर झाली. एवढी रक्कम पुरेल का, अशी शंका न्यायाधीशांनी घेतल्यावर वरची मर्यादा काढून टाकली गेली. लीगने दोष कबूल केला नाही. दिलेली भरपाई आता एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. पण या तडजोडीतही एक काटा निघाला. स्मरणशक्तीच्या चाचणीतील घट ठरवताना कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ बौद्धिक पातळी कमी धरण्याची पद्धत वापरली जात होती. म्हणजे सारखेच गुण मिळाले तरी गोरा खेळाडू आजारी ठरे आणि काळा ठीक! दोघा माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दाद मागितली, २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याची सोय झाली. संख्याशास्त्रातील ‘प्रमाण’ कोणी, कशासाठी ठरवले, हे विचारायला या प्रकरणाने बऱ्याच लोकांना शिकवले.

नियम बदलत आहेत. सामन्याच्या आरंभी चेंडू लाथाडून दूर पाठवतात, तेव्हा दोन्ही संघ लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळत. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तुम्ही शिकला आहात. १०० किलोचा माणूस सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असेल तर ३२०० जूल, ४ मीटर वेगाने असेल तर ८०० जूल. वेग निम्मा, ऊर्जा एकचतुर्थांश. लीगने २०२४ पासून नेमके हेच सूत्र वापरले: दोन्ही बाजूंचे बहुतेक खेळाडू अवघ्या पाच यार्डांच्या अंतरावर उभे राहतात आणि चेंडू झेलला जाईपर्यंत किंवा खाली पडेपर्यंत हलत नाहीत. सरावाच्या वेळी शिरस्त्राणावर आणखी एक मऊ टोप घालणे २०२२ पासून काही जागांच्या खेळाडूंना सक्तीचे झाले. खेळ मिळमिळीत झाला अशी ओरडही अर्थात चालू आहे. प्रौढ माणसाने धोका ओळखून पत्करला तर त्याला कोणी का अडवावे, हा त्यातला खरा विचार करण्याजोगा मुद्दा. त्याला उत्तर असे की धोका पत्करण्यासाठी तो आधी सांगितलेला असावा लागतो. वेब्स्टरला तो कोणी सांगितला होता? सॅन फ्रान्सिस्कोच्या ख्रिस बोर्लंडने एकच हंगाम खेळून, हे सारे संशोधन वाचून, २०१५ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी खेळ सोडला. त्याला वाचायला मिळाले होते.

सी.टी.ई.चे खात्रीचे निदान अजून मृत्यूनंतरच, मेंदूचे छेद घेऊनच करता येते. जिवंत माणसाच्या मेंदूतील टाऊ चित्रणाने किंवा रक्ताच्या तपासणीने ओळखण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते साधेल तेव्हा एखाद्या खेळाडूला तिशीतच ‘आता थांब’ असे सांगता येईल. तोपर्यंत शाळांमधून मुलांना फ्लॅग फुटबॉलकडे वळवणाऱ्या पालकांची संख्या वाढते आहे. त्यात टॅकल नसते. प्रत्येक गड्याच्या कमरेला पट्ट्या लोंबत असतात आणि चेंडूवाल्याची एक पट्टी ओढून घेतली की चाल तेथेच थांबते. २०२८ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच खेळला जाणार आहे, मुलांचा आणि मुलींचाही.